पगार लाखांत, झोप उधारीवर

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा तुम्हाला आठवत असेल. विमानतळांवर बॅगांचे ढीग, जमिनीवर पथारी पसरलेली माणसं, लग्नाला निघून लग्नच चुकलेली वऱ्हाडं. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यातही दुसरा विषय नव्हता. रक्तदाब तपासायला नेहमी येणारे एक काका दंडाला पट्टा बांधून घेता घेता म्हणाले, "डॉक्टर, महिन्याला लाखो रुपये घेतात हे पायलट लोक. आठवड्यातून दोन रात्री जास्त जागले तर झिजतील काय?" बाहेर बाकावर बसलेल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

रक्तदाब मोजताना रुग्णाशी वाद घालू नये, आकडा वाढतो. म्हणून तेव्हा मी गप्प राहिलो. पण तेच वाक्य नंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की आता उत्तर द्यायलाच हवं.

उत्तर असं आहे: काका, दोन रात्री जास्त जागल्यावर माणूस झिजतोच. त्याचा पगार कितीही असो. शरीराला पगाराची स्लिप वाचता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी आपल्याला सहसा कोणी सांगत नाही: वैमानिकाला पुरेशी झोप मिळते की नाही, हे त्याच्या शिस्तीपेक्षा त्याच्या पगाराच्या करारावर आणि कामाच्या नियमांवर जास्त अवलंबून असतं. म्हणून पायलटचा पगार हा फक्त त्याचा आणि कंपनीचा मामला नाही. मागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसलेली असतात, त्यात तुम्ही आणि मीही असतो.

झोप पुढे का ढकलता येत नाही?

आपल्या शरीरात झोपेचा कारभार दोन यंत्रणा बघतात.

पहिली यंत्रणा उधारीच्या वहीसारखी. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागे, तितकी उधारी मोठी, तितकी झोपेची ओढ जास्त. ही उधारी फेडण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे झोपणं. चहा-कॉफी ती फेडत नाही. कॅफीन अॅडेनोसिनची जागा अडवून ठेवतं, म्हणजे सावकाराला दाराबाहेर थांबवतं. सावकार तिथेच उभा असतो.

दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतलं घड्याळ. डोळ्यांच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारीक पुंजका असतो. उजेड-अंधाराच्या खुणेवर तो शरीराचं तापमान, संप्रेरकं, सावधपणा हे सगळं चोवीस तासांच्या तालावर फिरवतो. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, या शोधाला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पहाटे साधारण २ ते ६ या वेळात हे घड्याळ सर्वांत खाली उतरलेलं असतं. शरीर थंडावतं, प्रतिक्रिया मंदावतात, हिशेब चुकतात. आदल्या दिवशी चांगली झोप झालेली असली तरी या वेळी सावधपणा घसरतोच. आणि झोप झालेली नसेल, तर उधारी आणि घड्याळ अशा दोन्ही यंत्रणा एकदमच माणसाला खाली ओढतात.

यातून काय होतं? माणूस आडवा होऊन घोरायलाच लागतो असं नाही. काही सेकंदांची डुलकी लागते, अनेकदा डोळे उघडे असताना. मेंदू तेवढ्यापुरता बंद पडतो आणि परत सुरू होतो. ज्याला ती लागली त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. उतरणारं मध्यम आकाराचं प्रवासी विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ७० मीटर. चार सेकंदांची डुलकी म्हणजे पावणेतीनशे मीटर विमान बिनचालकाचं.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक साधा प्रयोग छापला. त्याच माणसांना एकदा जागं ठेवलं, एकदा मोजून दारू दिली आणि दोन्ही वेळा तीच चाचणी दिली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरली होती. २४ तास जागल्यावर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. आपल्याकडे मोटार चालवणाऱ्याला कायद्याने मुभा आहे ती ०.०३ टक्क्यांची.

आता हे बघा. आपल्या देशात वैमानिकाने उड्डाणाआधी १२ तास दारूला शिवायचं नाही, आणि श्वासाच्या चाचणीत अल्कोहोलचा अंशही सापडला तर त्याला विमानात पाऊल ठेवू देत नाहीत. नियम उत्तम आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण त्या नळीत अपुरी झोप सापडत नाही. रात्रभर तळमळून, पहाटे अडीचला गजर लावून उठलेला माणूस त्या नळीत फुंकतो आणि पास होतो. झोप मोजणारं असं झटपट यंत्र आपल्याकडे नाही. म्हणूनच तिथे नियम लागतात. तासांचे, विश्रांतीचे, रात्रीचे.

मंगळूर, २२ मे २०१०

दुबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरला उतरलं. तिथली धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे, पुढे दरी. विमान खूप उंचावरून आलं, धावपट्टीवर फार पुढे टेकलं, थांबलं नाही आणि दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं दगावली.

चौकशी आपल्या पुण्याचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या आवाजाची दोन तास पाच मिनिटांची ध्वनिफीत मिळाली होती. त्यातला पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता, घोरण्याचा आवाज येत होता. तो जागा झाला आणि थोड्याच वेळात त्याला उतरण्याची तयारी करावी लागली. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं की विमान परत वर घ्या. त्याने घेतलं नाही.

गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच कामाला लागत नाही. काही मिनिटं, कधी अर्धा तास, माणूस चालतो-बोलतो पण निर्णय घेणारा भाग अजून अंथरुणातच असतो. याला झोपेची जडता म्हणतात. दुपारी गाढ झोपेतून कुणी हलवून उठवलं की 'सकाळ आहे की संध्याकाळ' असं होतं ना, तेच. चौकशी अहवालाने या जडतेकडे आणि पहाटेच्या त्या घसरणीच्या वेळेकडे बोट दाखवलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा कॅप्टन काही दिवसांपूर्वीच सुट्टीवरून परतला होता. म्हणजे त्याला अतिकामाचा बळी म्हणता येणार नाही. मग हे उदाहरण का दिलं? कारण सुट्टी उपभोगून आलेल्या, अनुभवी माणसालाही पहाटेचं घड्याळ सोडत नाही. मग ज्याची सलग तिसरी रात्र आहे, त्याची काय कथा?

पगाराचा झोपेशी काय संबंध?

इथे थोडा इतिहास लागेल, आणि तो अमेरिकेपासून सुरू करावा लागेल, कारण वैमानिकांच्या पगाराची घडी तिथेच आधी बसली आणि तिथेच आधी विस्कटली.

१९३० च्या आसपास टपाल आणि प्रवासी नेणाऱ्या कंपन्या वैमानिकाला मिळेल त्या पैशात, मिळेल त्या हवामानात उडवत. १९३१ मध्ये वैमानिकांनी संघटना बांधली. १९३४ मध्ये तिथल्या कामगार मंडळाने निवाडा दिला की वैमानिकाने महिन्याला ८५ तासांपेक्षा जास्त उडू नये, आणि पगार ठरवण्याचं एक सूत्रही घालून दिलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या. त्या काळच्या लोकांना हे कळलं होतं की तासाला मर्यादा घालायची तर पगाराला आधार द्यावा लागतो. नाहीतर पोटासाठी माणूस मर्यादा मोडणारच.

पुढची चाळीसेक वर्षं तिकिटांचे दर आणि मार्ग सरकार ठरवत होतं. वैमानिकाच्या विश्रांतीचा खर्च तिकिटातच धरलेला असे. प्रवास महाग होता, सामान्य माणसाला परवडत नव्हता, हेही खरं. १९७८ मध्ये सरकारने हात काढून घेतला. तिकिटं स्वस्त झाली, नव्या कंपन्या आल्या, जुन्या बुडाल्या. छोट्या मार्गांवरची उड्डाणं मोठ्या कंपन्यांनी कमी पगारावर चालणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांकडे सोपवली. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, आत बसलेला वैमानिक ठेकेदाराचा. २००१ नंतर तर एकामागून एक कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या आडून पगार कापले, पेन्शन मोडीत काढल्या.

हडसन नदीत विमान उतरवून सगळ्या १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर तुम्हाला माहीत असतील, त्यांच्यावर सिनेमाही आला. त्या पराक्रमानंतर महिना-सव्वा महिन्याने, २४ फेब्रुवारी २००९ ला, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. लोकांना वाटलं कौतुकाचा कार्यक्रम असेल. त्यांनी सांगितलं की माझा पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे, पेन्शन गेली आहे, आणि आपल्या मुलांनी या पेशात यावं असं वाटणारा एकही वैमानिक माझ्या ओळखीत नाही.

त्या साक्षीच्या बाराच दिवस आधी बफेलो शहराजवळ एका प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं होतं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. चौकशीत जे बाहेर आलं ते मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी होती. पगार वर्षाला १६ ते २४ हजार डॉलरच्या घरात, म्हणजे तिथे हॉटेलात वाढप्याचं काम करणाऱ्याइतका. नेमणूक पूर्व किनाऱ्यावर नेवार्कला आणि राहायला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला सिअॅटलजवळ, आईवडिलांकडे. आदल्या रात्री ती मालवाहू विमानातून, मध्ये विमान बदलून, रात्रभर प्रवास करत कामावर आली होती. कॅप्टनने आदली रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती.

तिला सर्दी झाली होती. कॉकपिटच्या ध्वनिफितीत ती कॅप्टनला सांगते, त्याचा आशय असा: घरी असताना असं वाटलं असतं तर मी आलेच नसते, पण आता इथे येऊन आजारी असल्याचं कळवलं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च मलाच करावा लागेल.

हे वाक्य पुन्हा वाचा. माझ्या मते वैमानिकांच्या पगारावरच्या सगळ्या चर्चेचा अर्क या एका वाक्यात आहे. आजारी माणूस कामावर राहिला, कारण आजारी पडणं परवडत नव्हतं. अपघात फक्त थकव्याने झाला असं चौकशी मंडळाने म्हटलं नाही. थकव्याचा परिणाम असावा, पण नेमका किती ते ठरवता येत नाही, असं म्हटलं. विमान ज्या चुकीने पडलं ती कॅप्टनच्या हातून झाली. पण अशा चुका पकडण्यासाठीच दुसरा माणूस शेजारी बसवलेला असतो. तो दुसरा माणूस आजारी आणि जागरणाने पिचलेला असेल, तर त्या खुर्चीचा उपयोग काय?

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१४ पासून अमेरिकेत नवे नियम आले: कामावर येण्याआधी १० तास विश्रांती, त्यात ८ तास सलग झोपेची संधी. सहवैमानिकालाही आधी १५०० तासांचा उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. वैमानिक कमी पडू लागले, तसे पगार चढले. २०२३ मध्ये डेल्टा कंपनीच्या करारात चार वर्षांत मिळून ३४ टक्क्यांची वाढ झाली. म्हणजे पगार आणि विश्रांती दिल्याने विमान कंपन्या बुडतात हे खरं नाही. मात्र हे कळायला पन्नास चिता पेटाव्या लागल्या.

आणि आपल्याकडे?

जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणलं, १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं, १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि २००३ पासून स्वस्त तिकिटांचं युग आलं. माझ्या दवाखान्यातली मावशी मुलीच्या बाळंतपणाला विमानाने जाऊन आली, याचा मला मनापासून आनंद आहे. स्वस्त तिकिटाला माझा विरोध नाही. ते स्वस्त कुणाच्या झोपेतून झालं, एवढंच विचारतो आहे.

'लाखो रुपये पगार' या शब्दांच्या मागे काय असतं ते बघू.

पहिलं, कर्ज. वैमानिकाचा परवाना आणि त्यानंतर विशिष्ट जातीचं विमान चालवण्याचं प्रशिक्षण यांचा खर्च पन्नास लाखांपासून कोटीच्या पुढे जातो. बहुतेक घरांत तो कर्ज काढून किंवा जमीन-घर गहाण टाकून केलेला असतो.

दुसरं, नोकरीची खात्री. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. किंगफिशर आणि जेटच्या कर्मचाऱ्यांचे तर कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. हप्ते मात्र थकत नाहीत, ते दर महिन्याच्या तारखेला येतात.

तिसरं, पगाराची रचना, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. तास मोजायचा तो विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा थांबेपर्यंत. घरून विमानतळापर्यंतचा प्रवास, तासभर आधी हजर राहणं, दोन उड्डाणांमधली ताटकळ, धुक्यामुळे खोळंबा, हे शरीराच्या खात्यावर पूर्ण चढतं, पगाराच्या खात्यावर मात्र उड्डाणाचा तास म्हणून चढत नाही. आता यात कंपनी ठरावीक तासांची हमी देते, म्हणजे कमी उडवलं तरी तेवढे पैसे पक्के. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराची उड्डाणं रद्द झाली त्यामागे वाद हाच होता: नव्या करारात हमीचे तास ७० वरून ४० वर आणले होते. कागदावर पगार 'तासांनुसार' राहिला. पण हमी कमी झाली की आधीच्याइतकी कमाई हवी असलेल्या माणसाला जास्त उडावं लागतं. मर्यादा नियमात असते, आणि ती मर्यादा गाठण्याची ओढ करारात पेरलेली असते. वर्षाला १००० तास ही कमाल मर्यादा आहे. कमाल मर्यादा म्हणजे औषधाची जास्तीत जास्त मात्रा. रोज तेवढीच घ्या, असा तिचा अर्थ होत नाही.

चौथं, नोकरी सोडण्याची मुभा. २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. दुसऱ्या कोणत्या नोकरदारावर अशी सक्ती आहे? थकलेल्या माणसाच्या हातातलं शेवटचं हत्यार म्हणजे 'चाललो मी' म्हणणं. तेही बोथट करून ठेवलं.

डिसेंबरात नेमकं काय झालं?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. मुख्य बदल असे होते:

- आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास.
- 'रात्र' म्हणजे १२ ते ५ ऐवजी १२ ते ६.
- रात्रीच्या पाळीत विमान उतरवण्याची संख्या सहापर्यंत जात असे, ती दोनवर.
- रात्रीच्या पाळीत उड्डाण जास्तीत जास्त ८ तास आणि एकूण काम १० तास.

वर सांगितलेलं शरीरशास्त्र आठवा. पहाटे ६ पर्यंतची घसरण, दोन रात्रींच्या झोपेने फिटणारी उधारी. हे नियम लाड नव्हते, पाठ्यपुस्तक होतं. ते जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकूर केली, ते लांबले. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले.

म्हणजे पूर्वसूचना जवळपास दोन वर्षांची. आणि नोव्हेंबर उलटल्यावर देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी वाहणाऱ्या इंडिगोकडे नव्या नियमांनुसार वैमानिक पुरेनात. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. त्यावर इलाज काय निघाला? त्या कंपनीला रात्रीच्या तरतुदींमधून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट. आणि रजा आणि साप्ताहिक विश्रांती एकमेकांत मिळवू नये, हे कलम तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं.

प्रवासी अडकले होते, काहीतरी करणं भागच होतं, हे मला मान्य आहे. पण रुग्णाचा ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरचे आकडे बदलले तर तुम्ही त्या डॉक्टरला काय म्हणाल? वैमानिकांची भरती केली नाही कंपनीने. मुदतवाढीत वेळ गेला तो नियामकाच्या दारात. आणि शिव्या कुणाला? झोप मागणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

नेहमीच्या शंका

*"थकलेत तर सांगत का नाहीत?"* सांगण्याची सोय नियमात आहे. पण सांगितल्यावर त्या दिवसाच्या तासांचे पैसे बुडतील, नाव डोळ्यांवर येईल, बढती अडेल, ही भीती असेल तर माणूस सांगत नाही. तुम्ही तरी ताप अंगात असताना रोजंदारी बुडते म्हणून कामावर गेला नाहीत का? शिवाय वैद्यकीय अडचण अशी की झोप कमी झालेल्या माणसाला स्वतःच्या थकव्याचा अंदाज नीट येत नाही. 'मी ठीक आहे' हे वाक्य दारू प्यायलेला आणि जागलेला, दोघंही सारख्याच खात्रीने म्हणतात.

*"मग पगार आणखी वाढवा, प्रश्न मिटला."* नाही मिटत. रात्रीच्या उड्डाणाला दुप्पट पैसे दिले तर वैमानिक दुप्पट रात्री उडेल, घड्याळ तेवढंच खाली घसरेल. हवा आहे तो स्थिर पगार, ज्यात विश्रांती घेतल्याने आणि थकव्याची तक्रार केल्याने खिसा रिकामा होत नाही.

*"रात्रपाळी सगळेच करतात."* करतात, आणि सगळ्यांनाच बाधते. आमच्याच पेशाचं सांगतो. २००४ मध्ये अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांवर अभ्यास झाला. लांबलचक पाळ्या करणाऱ्यांकडून, कमी तासांच्या पाळ्या करणाऱ्यांपेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या. निवासी डॉक्टर असताना मी छत्तीस-छत्तीस तास जागलो आहे आणि ते अभिमानाने सांगतही असे. आता लाज वाटते. त्या छत्तिसाव्या तासाला माझ्यासमोर आलेल्या रुग्णाला विचारलं नव्हतं की हा डॉक्टर चालेल का.

*"नागपूरचा तो वैमानिक थकव्यानेच गेला ना?"* ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर, पुण्याच्या उड्डाणाआधी, चाळिशीतला एक वैमानिक कोसळला आणि गेला. त्याला आधी २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असं कंपनीने सांगितलं. हृदय अचानक बंद पडण्याला अनेक कारणं असतात. एका मृत्यूवरून निष्कर्ष काढणं डॉक्टर म्हणून मला शोभणार नाही. पण वर्षानुवर्षं अपुरी आणि उलटसुलट वेळची झोप मिळाली तर रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला झोपेबद्दल मी दर भेटीत टोकतो, ते याच कारणाने.

तुम्ही काय करू शकता?

पुढच्या वेळी 'वैमानिकाच्या कामाचे तास संपल्यामुळे उड्डाणाला उशीर' अशी घोषणा झाली, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. ती घोषणा म्हणजे नियम पाळला गेल्याची पावती आहे. राग आलाच तर पत्र लिहून कंपनीला विचारा, बदली वैमानिक का ठेवले नव्हते? खासदाराला विचारा, जाहीर झालेले नियम कुणाच्या सांगण्यावरून लांबतात?

आणि हाच न्याय जमिनीवरही लावा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा चालक, लग्नाहून परत आणणारा गाडीवाला, दिवसभर गाडी चालवून 'रात्रीच निघू, रस्ता मोकळा असतो' म्हणणारे तुम्ही स्वतः. त्यांचंही घड्याळ तेच, पहाटेची घसरण तीच. चालकाला फेऱ्यांवर पैसे देऊन वर 'झोपू नको हं' असं बजावणं म्हणजे उपाशी माणसाला दळण दळायला बसवून पीठ चोरू नको म्हणण्यासारखं आहे.

ते काका गेल्या महिन्यात पुन्हा आले होते. रक्तदाब वाढलेला होता. विचारलं तर म्हणाले, चार रात्री नातवाच्या आजारपणात जागरण झालं, डोकं चालत नाही, गाडीची किल्लीही दोनदा विसरलो. मी म्हटलं, "काका, चारच रात्री ना? झिजलात का?"

ते हसले. मग म्हणाले, "गोळी वाढवून देता का?"

गोळी वाढवली नाही. झोपायला सांगितलं आणि आठवड्याने परत बोलावलं.